अल्पमतातलं वाक्य

ज्या खंडासाठी तिने अख्खं ग्रंथालय पालथं घातलं होतं, तो खंड एका झोपलेल्या माणसाच्या गालाखाली होता.

ती आधी हळूच खोकली. मग शेजारची खुर्ची मुद्दाम कर्कश आवाज करत सरकवली. माणूस ढिम्म. चष्मा कपाळावर चढलेला, टाय खांद्यावर गेलेला, काळा कोट खुर्चीच्या पाठीवर. खिडकीच्या काचेवर पावसाची रिपरिप चालली होती आणि त्या तालावर तो शांतपणे घोरत होता. त्याला उठवावं तरी पंचाईत, न उठवावं तरी पंचाईत. संध्याकाळच्या आत लेखी युक्तिवाद तिच्या वरिष्ठ मॅडमच्या टेबलावर ठेवायचा होता.

"अहो..." ती शेवटी कुजबुजली. "अहो, ऐकलंत का?"

त्याने एक डोळा उघडला. मग दुसरा. तिच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"ऐकलं," तो म्हणाला. "पण आपलं लग्न नेमकं कधी झालं?"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मला... मला तो खंड हवाय. तुमच्या गालाखालचा."

"घ्या की. गरम गरम आहे."

तिने खंड ओढूनच घेतला. उभ्याउभ्याच पानं उलटली, हवं ते पान सापडलं आणि ओळीखाली बोट धरून ती एकेक शब्द आपल्या कागदाशी ताडून पाहू लागली. "मुलाची इच्छा नुसती ऐकून सोडून द्यायची नसते, ती तोलून पाहायची असते." स्वल्पविरामासकट तंतोतंत.

"जुळलं!" ती आनंदाने पुटपुटली.

"कुठून मिळाला हा उतारा?"

"कायद्यावरच्या एका भाष्यग्रंथात होता. पण मी तसाच उचलणाऱ्यांतली नाही हं. मूळ पान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी दाखला देत नाही."

"फक्त पान?"

"म्हणजे?"

तो काही बोलणार तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन खणखणला आणि घाईत भलतंच बटण दाबलं गेलं. साऱ्या ग्रंथालयाला ऐकू जाईल असा तिच्या दादाचा आवाज घुमला, "गुंडी! अगं, गॅस बंद केलाय का म्हणून तू मला मेसेज पाठवलायस, पण मी तर दवाखान्यात आहे!"

कोपऱ्यातून ग्रंथपाल बाईंनी डोळे वटारले. कागद छातीशी कवटाळून ती दाराकडे पळाली. मागून दबकं हसू ऐकू आलं, तेही थेट कानात शिरलं.

गुंडी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणापासून ती घाबरगुंडी. शाळेत दप्तर तीनदा तपासणारी, कुलूप लावून जिना उतरली की पुन्हा वर जाऊन ते ओढून पाहणारी. दादाने त्या घाबरगुंडीतली घाबर काढून टाकली आणि गुंडी ठेवली. दादा दातांचा डॉक्टर. नको ते उपटून टाकायची त्याला सवयच होती.

वकील होऊन तिला फार दिवस झाले नव्हते. मॅडमच्या हाताखाली ती आजवर कागद लावणं, तारखा बघणं एवढंच करत आली होती. या वेळी पहिल्यांदा मॅडमनी अख्खा लेखी युक्तिवाद तिच्यावर सोपवला होता. खटला एका आठ वर्षांच्या मुलीच्या ताब्याचा होता. आई गेली, वडिलांनी दूरदेशी दुसरा संसार थाटला, आणि पोरीला वाढवलं ते मावशीने. मावशीचं केस कापायचं छोटंसं दुकान होतं. आता मुलीचे आजोबा तिला आपल्या गावी न्यायचं म्हणत होते. आजोबा वाईट नव्हते, हीच तर अडचण होती. त्यांचं घर मोठं होतं आणि मनही.

ऑफिसात मोठी माणसं बोलत असताना ती पोरगी खुर्चीत पाय हलवत बसली होती. मध्येच तिने गुंडीची बाही ओढून विचारलं होतं, "मला कोणी विचारणार आहे का?"

त्या प्रश्नानेच गुंडीची झोप उडवली होती. म्हणून तर ते वाक्य सापडल्यावर तिला देव भेटल्यासारखं झालं.

त्या दिवसानंतर तो तिला ग्रंथालयात रोज दिसू लागला. आधीही दिसत असेल, पण आता दिसू लागला. कॉफीच्या यंत्रापाशी तो तिच्या पुढे उभा राही आणि कप तिच्या हातात देताना म्हणे, "साखर दोन चमचे. गेल्या खेपेला तुम्ही दोन म्हणाला होतात. आधी एक म्हणाला होतात, पण नंतर बदललंत."

"तुम्हाला साधं वाक्य बोलताच येत नाही का हो? प्रत्येक वाक्याखाली एक तळटीप!"

"व्यवसायाचा दोष."

"मी तुम्हाला मनातल्या मनात तळटीपच म्हणते," ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"मनातल्या मनात?" त्याच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे मनात येणं-जाणं आहे तर माझं."

"कॉफी सांडेल तुमची."

"सांडू दे. गुंडी, तुम्ही लाजलात की तुमच्या डाव्या..."

"तळटीप नको!"

दोघंही हसली. आपापल्या खटल्यांबद्दल ती दोघं चकार शब्द काढत नसत. वकिलांना पोटात ठेवायची सवयच असते. पण बाकी सगळं बोलून झालं होतं. त्याची आई गाणं शिकवायची आणि त्याला मात्र सूर लागत नसे. तिला पुलावरून चालताना भीती वाटे आणि म्हणून ती पुलावर गाणी म्हणत असे. एकदा पावसात त्याने आपली छत्री तिच्यावर इतकी कलती धरली की तो स्वतः निम्मा भिजला. तिला ते दिसलं होतं. दिसलंय हे तिने त्याला दाखवलं नाही, इतकंच.

मग एक दिवस विरुद्ध बाजूचं लेखी उत्तर आलं. मॅडमसाठी त्या उत्तराला फाईलचं कव्हर घालताना तिची नजर शेवटच्या पानावर गेली. तिथे आजोबांच्या ज्येष्ठ वकिलांची सही होती. आणि त्यांच्याखाली, मदतनीस वकील म्हणून, त्याची.

ती तडक ग्रंथालयात गेली. तो पायऱ्यांवरच भेटला, जणू तिचीच वाट बघत उभा होता.

"आपण दोघं..." ती म्हणाली.

"समोरासमोर. हो. तुमच्या युक्तिवादाची प्रत कालच आली, तेव्हा मलाही कळलं." त्याचे हात खिशात होते आणि डोळे कुठेतरी तिच्या खांद्यापलीकडे. "निकाल लागेपर्यंत आपण भेटायला नको."

"भेटायला नको म्हणजे... कॉफीसुद्धा?"

"कॉफीसुद्धा."

पुढे एकही तळटीप आली नाही. एवढं छोटं, एवढं कोरडं वाक्य तो पहिल्यांदाच बोलला होता. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. राग नव्हता, परकेपणाही नव्हता. जवळच्या कुणाला तरी इस्पितळात सोडून आलेल्या माणसासारखा तो दिसत होता.

"बरं," ती म्हणाली. आणि आल्या पावली परतली.

त्या संध्याकाळी ताटातला भात ती नुसता चिवडत बसली.

"काय बोचतंय?" दादाने विचारलं. "तो मुलगा की ती फाईल?"

"कुठला मुलगा?"

"ज्याच्यामुळे तू महिनाभर आरशासमोर उभी राहून टिकल्या बदलतेस तो. अगं, दुखऱ्या दाताकडे जीभ आपोआप जाते. माझं रोजचं काम आहे ते. दात कुठला ते आधी शोध, मग बोंब मार."

तिने ताट बाजूला सारलं. त्या मुलाचं दुखणं खरंच होतं, पण त्याच्या खाली आणखी काहीतरी ठणकत होतं. समोरासमोर आलो म्हणून माणूस बोलणं बंद करील, ते ठीक. पण इतका पांढराफटक कशाला पडेल? आपल्या कागदात त्याने असं काय पाहिलं? की आपल्यालाच उगाच कल्पनेचे बागुलबुवे दिसतात? कुलूप लागलेलं असतं आणि आपण वर जातोच की नाही...

सुनावणीच्या दिवशी ग्रंथालयाचं दार उघडलं तेव्हा ती दारातच उभी होती. तिने आपला युक्तिवाद उघडला आणि एकेक दाखला पुन्हा पाहायला घेतला. खटल्याचं नाव, वर्ष, खंड, पान. पहिला बरोबर. दुसरा बरोबर. मग तो खंड आला. या वेळी तिने थेट आपलं पान उघडलं नाही. निकालपत्र सुरू होतं तिथून ती वाचू लागली.

तीन न्यायमूर्ती होते. पहिल्या दोघांनी लिहिलं होतं की मूल लहान आहे, त्याच्या इच्छेवर निकाल बेतता येत नाही. ताबा दुसऱ्या बाजूला दिला होता. गुंडीने पान उलटलं. तिथे तिसऱ्या न्यायमूर्तींचं निकालपत्र सुरू होत होतं, "माझ्या दोन्ही सहकाऱ्यांच्या मताशी मला सहमत होता येत नाही." आणि त्याच्या पुढच्या पानावर, तिच्या बोटाखाली एकदा गेलेलं, तिचं ते लाडकं वाक्य.

तिने पान मागे उलटलं आणि ते पुन्हा वाचलं.

वाक्य खरं होतं. पानही खरं होतं. पण ते न्यायालयाचं म्हणणं नव्हतं. न्यायालयाने ज्याचं ऐकलं नाही अशा एका न्यायमूर्तींचं ते अल्पमत होतं. आणि तिने मात्र ठसठशीत अक्षरात लिहून टाकलं होतं, "न्यायालयाने निःसंदिग्धपणे म्हटले आहे की..."

तो पायऱ्यांवर का पांढरा पडला होता ते तिला आत्ता कळलं. विरुद्ध बाजूचे दाखले तपासणं हे त्याचंच काम. त्याने पाहिलं होतं. त्याच्या वरिष्ठांनाही ठाऊक असणार. आज भर न्यायालयात ते उठतील, चष्मा पुसतील आणि मजेत वाचायला लागतील. मग मावशीच्या बाजूने लिहिलेल्या एका तरी ओळीवर कोण विश्वास ठेवील?

मॅडम न्यायालयाच्या आवारातल्या आपल्या खोलीत कोट चढवत होत्या. गुंडीने खंड त्यांच्यापुढे उघडा ठेवला.

"मॅडम, मी चुकले." आणि सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी निकालपत्र पहिल्यापासून वाचलं. खोलीत घड्याळ नव्हतं, पण गुंडीला टिकटिक ऐकू येत होती. ती तिच्या छातीतली होती.

"मूळ निकाल वाचला होतास?"

"पान वाचलं होतं."

"पान!" मॅडमनी चष्मा काढला. "अगं पोरी, बापाचं वाक्य काकाच्या तोंडी घातलं तर साध्या घरात महाभारत होतं. इथे तर न्यायालय आहे. कुठे लिहिलंय एवढं सांगून भागत नाही. कोण बोलतंय, आणि बाकीच्यांनी त्याचं ऐकलं का, तेही सांगावं लागतं."

"मी आजपासून येत नाही, मॅडम."

"येत नाही म्हणजे? आणि हे निस्तरणार कोण?" त्यांनी खंड मिटून तिच्या हातात दिला. "खाली सही माझी आहे, म्हणजे चूक माझीही. ती मी न्यायाधीशांना सांगीन. पण दुरुस्ती तू सांगायचीस. समोरचे उठायच्या आत. उशीर झाला तर ती दुरुस्ती राहत नाही, पकडलेल्या चोराची कबुली होते."

न्यायालयाची खोली भरलेली होती. मावशी दुसऱ्या रांगेत, हातातला रुमाल पिळत. पलीकडे आजोबा, काठीवर दोन्ही हात ठेवून. आणि पुढे, ज्येष्ठ वकिलांच्या मागे, तो. त्याच्यासमोर त्याच निकालाची छायाप्रत, मध्ये पांढरी चिठ्ठी घातलेली. त्याने मान वर केली नाही.

खटला पुकारला गेला. ज्येष्ठ वकील सावकाश खुर्चीतून उठू लागले. उंच माणूस, त्यांना उभं राहायला वेळ लागे. मॅडमनी झटक्यात उठून एका दुरुस्तीसाठी परवानगी मागितली, आपल्या सहीची जबाबदारी आपली असल्याचं दोन वाक्यांत सांगितलं, आणि गुंडीकडे पाहिलं.

गुंडी उठली. आपला आवाज कुठून येणार हे तिलाच ठाऊक नव्हतं.

"आमच्या लेखी युक्तिवादात... एक उतारा न्यायालयाचा म्हणून दिला आहे. तो न्यायालयाचा नाही. तो अल्पमतातल्या न्यायमूर्तींचा आहे. बहुमताचा निकाल... आमच्या विरुद्ध जातो. मी ते पान पाहिलं, पण निकाल पूर्ण वाचला नाही. चूक माझी आहे, आमच्या पक्षकाराची नाही."

अर्धवट उठलेले ज्येष्ठ वकील तसेच हळूहळू पुन्हा खाली बसले. त्यांच्या मागे कुणीतरी लांब श्वास सोडला. कुणी, ते तिला न बघता कळलं.

न्यायाधीश बाईंनी कागदावर काहीतरी खोडलं. "अल्पमत अल्पमत म्हणूनच द्यायचं असतं, वकीलबाई. ते मला बांधत नाही. पण ते वाचायला मनाईही नाही. वाचा."

तिने वाचलं. या वेळी तिसऱ्या न्यायमूर्तींच्या नावासकट, दोघांनी त्यांचं ऐकलं नाही हे आधी सांगून. वाक्य तेच होतं, पण आता ते एकटं उभं होतं, कुणाच्याही उसन्या कोटाशिवाय. वाचताना तिला खुर्चीत पाय हलवणारी ती पोरगी दिसत होती.

न्यायाधीशांनी तिच्याकडून खंड मागून घेतला आणि बहुमताचं पान उघडलं. "बहुमत म्हणतं की मुलाच्या इच्छेवर निकाल बेतता येत नाही. मुलाला विचारूच नका, असं ते म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "मुलीला माझ्या दालनात आणा. मी तिच्याशी बोलेन. वकिलांशिवाय."

त्या दोघींचं आत काय बोलणं झालं ते कुणालाच कळलं नाही. निकाल लागेपर्यंतचे दिवस गुंडीने कसे काढले ते दादाला विचारावं. गॅस बंद असायचा, तरी ती उठून बघायची. दूध उतू जायचं, ते मात्र दिसायचं नाही. आणि ग्रंथालयात तो समोरून आला की दोघंही एकदमच भिंतीवरची नोटीस वाचायला लागायची.

निकाल लागला. मुलगी मावशीकडे राहील, सुट्ट्या आजोबांकडे. बाहेर आल्यावर आजोबा भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते. पोरगी मावशीचा हात सोडून त्यांच्याकडे गेली आणि "तुमच्याकडे मांजर आहे ना हो?" असं विचारत तिने त्यांचं बोट धरलं. गुंडीला तिथे उभं राहवेना. ती मागच्या व्हरांड्यात गेली.

तो तिथेच होता. रेलिंगला टेकून, आभाळाकडे बघत. नुकताच पाऊस थांबला होता आणि पागोळ्या अजून ठिबकत होत्या.

"अभिनंदन," तो म्हणाला.

"तुम्ही पाहिलं होतं ना? ते वाक्य?"

"हो."

"आणि सरांना सांगितलंत."

"त्याच दिवशी. ते माझं काम होतं." त्याने रेलिंगवरचं पाणी बोटाने निपटलं. "तुम्हाला सांगू शकत नव्हतो. आजोबा माझे पक्षकार होते. पण रोज वाटायचं की तुम्ही स्वतःच बघावं... देवा, तिला घाबरव, असं म्हणत होतो मी. दुसऱ्याला घाबरवण्यासाठी मी पहिल्यांदाच देवाला साकडं घातलं."

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदम. "खूप राग आला होता मला तुमचा."

"यायलाच हवा होता."

"नाही, ऐका ना. मग मी घरी जाऊन विचार केला. तुम्ही मला गुपचूप सांगितलं असतंत, तर मला फार बरं वाटलं असतं. आणि मग रात्रभर भीती वाटली असती, की जो माणूस माझ्यासाठी आपल्या पक्षकाराला फसवतो, तो उद्या कुणासाठी मला फसवील." ती थांबली. "मला भीती वाटायला कारणं लागतातच असं नाही. पण तुमच्याबद्दल एकही सापडलं नाही. खूप शोधलं."

तो तिच्याकडे वळला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्याने सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"गुंडी, मला... म्हणजे गेल्या काही दिवसांपासून... तसं आधीपासूनच, पण..."

"तळटीप नंतर. आधी वाक्य."

"मला तू आवडतेस."

तू. तो शब्द व्हरांड्यात नुसता तरंगत राहिला. एक पागोळी तिच्या मनगटावर पडली आणि अंगभर शिरशिरी गेली.

"कशावरून?" ती पुटपुटली. काहीतरी बोलायला हवं म्हणून.

"जेवण जात नाही. झोप लागत नाही. आई विचारते, काय झालंय. आणि आता तू अशी बघतेयस तर मला माझं पुढचं वाक्यही आठवत नाही."

"राहू दे मग." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "मलाही तू... मलाही."

"मलाही काय?"

"वाक्य पूर्ण करायलाच हवं का?"

"वकील आहोत. अर्धा उतारा चालत नाही."

"मलाही तू आवडतोस," ती एका दमात म्हणाली आणि लगेच घाबरली. "पण आता पुढे काय करायचं असतं? घरी आधी सांगायचं, की आधी आपणच ठरवायचं? तुझी आई गाणं शिकवते आणि मी तर पुलावर गाते... आणि आपण पुन्हा एखाद्या खटल्यात समोरासमोर आलो तर? कुणाला तरी विचारायला हवं..."

"नको विचारूस," तो हसत म्हणाला. त्याने तिच्या खांद्यावरची जड बॅग अलगद काढून आपल्या खांद्यावर घेतली. बॅगेचा पट्टा सुटताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली आणि तिथेच राहिली. "यात कुणाचाही दाखला चालत नाही. आपलं आपणच लिहायचं."

तिची धडधड काही कमी झाली नाही. पण या खेपेला तिला ती थांबायला नको होती.